कढईपुढची जागा

प्रिय एइसाकु,

अक्षर बघून दचकू नकोस, आजी या वयात शाळेत गेलेली नाही. बोलतेय मी, लिहितेय तुझी बहीण मित्सुए. मध्ये कुठे शाईचा ठिपका दिसला तर समज, तिची स्तुती चालली होती आणि बाईसाहेब लेखणी टेकवून लाजत बसल्या होत्या.

तुझ्या बाबांचं पत्र पोचलंच असेल. ‘नवीन वर्षाला येऊन कढई हातात घे, नाहीतर दुकानाचा पडदा कायमचा उतरवतो.’ गेनझो माझ्या पोटचा, पण धमकी द्यायची वेळ आली की थेट माझ्या सासऱ्यांवर जातो. तू तिकडे नागासाकीत बांधायला घेतलेलं जहाज अर्धवट टाकून निघायच्या तयारीत असशील, तुला मी ओळखते. जरा थांब. आधी माझं जेवण ऐक.

अरे, मी जेवले! आपल्याच दुकानात, गिऱ्हाइकांच्या फळीवर, कढईच्या अगदी समोर! या घरात सून म्हणून आले तेव्हापासून आपला टेंपुरा, ती पिठात बुडवून तळलेली मासळी नि भाजी, मी मागे मोरीपाशी उभ्या उभ्या खाल्ला, तोही उरलेला, निवलेला. झालं असं, की परवा तुझ्या पणजोबांचा स्मृतिदिन. जुनी गिऱ्हाइकं यायची होती आणि सकाळीच तिळाच्या तेलाचा डबा उचलताना गेनझोची कंबर धरली. वरच्या खोलीत आडवा पडून ओरडतोय, ‘आज पडदा लावू नका!’ मित्सुएने तोवर दुकान उघडल्याची खूण म्हणून निळा पडदा दारावर लावलाही होता. मला म्हणाली, ‘आजी, तू समोर बस. तू समोर असलीस की मला धीर येईल.’ घरातल्या बाईने कढईपुढे उभं राहायचं नाही आणि फळीवर बसायचं नाही. आम्ही दोघींनी एका दमात दोन्ही उरकलं.

कोपऱ्यात आपलं जुनं गिऱ्हाईक, म्हातारा तोकुदा, नेहमीसारखा डोळे मिटून. म्हणतो, ‘पोरीच्या हातचं खायचं, तर मग घरीच जेवलो असतो.’ मी म्हटलं, ‘घरी तुम्हाला वाढतंय कोण? म्हणून तर इथे येता.’  पहिली कोळंबी कागदावर आली. बापाचा वैरी दिसावा तसं टेंपुऱ्यावर तुटून पडावं म्हणतात, तशी मी तुटून पडले. जीभ पोळली रे, पण काय पोळली! मग मुडदुशी, मग कमळकाकडी. मी सोबतच्या किसलेल्या मुळ्याकडे ढुंकून बघितलं नाही.

मग तिने तेलात वाम सोडली. तुला तो आवाज माहीत आहे: आधी जाडाभरडा, मग बारीक होत होत रेशमासारखा. तो बारीक झाला, मित्सुएने वाम उचलली, आणि तो आवाज ऐकून वरून तुझ्या बाबांची हाक आली, ‘एइसाकु आला का?’

 गेनझो भिंत धरत धरत जिना उतरला. बघतो तर कढईपुढे पोरगी! मित्सुए थिजली. मी ओरडले, ‘अगं, तेलाकडे बघ, बापाकडे काय बघतेस!’ तोकुदा डोळे न उघडताच म्हणाला, ‘गेनझो, बसा तरी. तुमच्यापायी माझी वाम निवतेय.’ आणि दुकानाचा मालक माझ्या शेजारी फळीवर बसला. तिने त्याच्या पुढ्यात वाम ठेवली. त्याने खाल्ली. कागदावरचा चुराही बोटाने टिपला. मग हळूच विचारलं, ‘भोपळा आहे का?’ एइसाकु, माझा मुलगा त्या दुकानात जन्मभर हुकूम सोडत आलाय. त्या दिवशी तो मागत होता.

हे सगळं लिहवून घेतलं ते एवढ्यासाठी, की तू बांधलेलं सामान सोड. तुझं जहाज पुरं कर. गेनझो आत्ता इथेच बसलाय, कमरेला पट्टा बांधून मित्सुएसाठी कोळंब्या सोलतोय. मी विचारलं, ‘एइसाकुला काय कळवू?’ मान वर न करता म्हणाला, ‘कळव, कढईपुढे जागा नाही.’ इथे एक ठिपका पडला असेल, तो शाईचा नाही. नवीन वर्षाला मात्र ये. पुढच्या दाराने ये, भूक घेऊन ये. माझ्या शेजारची जागा मी अडवून ठेवते. उशीर केलास तर तुझ्या वाट्याची वाम मी खाईन, आणि मला आता गरम खायची चटक लागलीय.

तुझीच,
पोळल्या जिभेची आजी