परिणाम झालेलं घर

४ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

नव्या नोकरीत पंधरा दिवस झाले. वीजकारखान्याच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटून खालची कामगारवस्ती गाडली गेली, त्याच्या चौकशीचं हे कार्यालय. लोकांचे आपल्या भाषेतले जबाब इंग्रजीत करायचे, हे माझं काम. परवा वस्ती पाहून आले. राख म्हणजे चुलीतली भुरभुरीत नव्हे, करड्या रंगाचा चिखल. खिडकीच्या वरपर्यंत आलेला, आणि त्यात अडकलेलं सगळं आता कुजायला लागलेलं. तो वास अजून नाकातून जात नाही.

अडचण अशी की लोक म्हणतात वाट लागली, धूळधाण झाली, होत्याचं नव्हतं झालं. आणि माझ्या हाताखाली मात्र सारखं ‘डॅमेज’च उमटतं. तुम्ही तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. जरा मदत करा. मामींचा गुडघा कसा आहे?

तुमची भाची

९ मार्च

चि. चष्मिस हिला,
अनेक आशीर्वाद.

शाळेत निबंध माझ्याकडून लिहून घ्यायचीस, आता सरकारी कामही माझ्याच गळ्यात. बरं, ऐक. डॅमेज म्हणजे मोडलं, पण दुरुस्त होईल. रुइन म्हणजे सांगाडा उभा आहे, आत माणूस राहू शकत नाही. डिस्ट्रॉय म्हणजे संपलं. कॅटॅस्ट्रोफी वापरू नकोस, वर्तमानपत्रवाल्यांनी त्याचा चोथा केलाय. मोठा शब्द शोधू नकोस, खरा शोध.

मामी जिना चढते आणि वर पोचेपर्यंत मला बोलते. म्हणजे बरी आहे.

तुझा मामा

१९ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायची लाज वाटते, पण तुमच्यापासून लपवलं तर जास्त वाटेल.

वस्तीत एक शिवणकाम करणारी बाई आहे. तिचं घर सासूसकट वाहून गेलं. तिच्या जबाबात मी डिस्ट्रॉय लिहिलं. आमच्या सचिवसाहेबांनी ते खोडून वर ‘अफेक्टेड’ लिहिलं. बांध फुटल्याचं ‘इन्सिडेंट’ केलं. एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात लाल पेन; पानावर लोण्याचा डाग पडला तो बोटानं पुसला. म्हणाले, इंग्रजी सौम्य असावं. त्यांना घ्यायला कारखान्याची गाडी येते, हे शिपायानं सांगितलं.

मी खाली सही केली, मामा. भाषांतर अचूक असल्याची. एक नाही, चाळीस जबाबांवर.

काल कळलं की या शब्दांना केवढा अर्थ आहे. घर नष्ट झालं असेल तर कारखान्यानं दुसरीकडे बांधून द्यायचं. नुसता परिणाम झाला असेल तर साफसफाई करून माणसं परत तिथेच, त्याच बांधाखाली. बांध अजून झिरपतो आहे.

ती बाई कार्यालयात आली होती. तिनं विचारलं की माझ्या घराबद्दल इंग्रजीत काय लिहिलंय. मी उलट भाषांतर करून सांगितलं, घरावर परिणाम झाला. ती हसली. मग बाहेर जाऊन पायरीवर थुंकली. मला स्वतःचीच किळस आली.

तुमची भाची

२३ मार्च

चि. चष्मिस हिला,
आशीर्वाद.

पत्र वाचून किळस आली. त्या माणसाची आली, आणि खरं सांगतो, तुझीही. शब्द कळत नव्हते म्हणून तू चुकली असतीस तर मी समजावलं असतं. तू कळूनसवरून सही केलीस.

सांत्वन करायला पत्र लिहीत नाही. तुझे मूळ कागद असतील तर घेऊन थेट चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांसमोर उभी राहा. नोकरी जाईल. आमच्याकडे ये, मामी दोन घास जास्त शिजवेल.

तुझा मामा

६ एप्रिल

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

सुनावणीत उभी राहिले. माझी सही खोटी आहे, असं सांगितलं आणि मूळ जबाब व साहेबांनी बदललेली पानं शेजारी शेजारी वाचली. सचिवसाहेब म्हणाले, मुलगी नवी आहे, गोंधळली. म्हाताऱ्या न्यायाधीशांनी फक्त ती लोण्याच्या डागाची प्रत मागून घेतली आणि बराच वेळ वाचत बसले.

सगळे जबाब दुसऱ्यांकडून पुन्हा भाषांतरित होणार. तोवर कुणालाही वस्तीत पाठवायचं नाही, असा हुकूम झाला. सचिवांना दूर केलं. मलाही; खोटी सही ती खोटीच. ते बरोबरच आहे.

निघण्याआधी लोकांना ठेवलंय त्या शाळेत गेले. काही बायकांनी जवळ बसवून घेतलं, हात धरले. शिवणकाम करणारी नळाच्या रांगेत होती. मी नमस्कार केला. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखलं, आणि हंडा उचलून रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

शुक्रवारी पोचते. रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची भाची