पाळीवरची लाल खुर्ची

सानगडीजवळ, गुरुवार संध्याकाळ

उद्या भंडाऱ्याला परत. प्रयोग संपला. निकाल इतका सुरेख आलाय की भीती वाटते.

तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, हे या गावात चिठ्ठ्या टाकून ठरवलं. शेजारच्या गावात जुनीच रीत चालू दिली. तिथे रोज भांडणं, इथे एकही नाही. बदललेली गोष्ट एकच, म्हणजे कारणही तेच. प्रयोगाचं बळ यातच आहे, असं मीच वर्गात शिकवते.

एकच? आणि मी रोज तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत होते, ते? तिकडे तर जेमतेम आठवड्यातून एकदा गेले, तेही उभ्याउभ्या.

दुपारी कौसाबाई आली. तिची बांधी सगळ्यात शेवटची, वरच्यांनी सोडलं तरच पाणी. यंदा तिचा धान वेळेवर निसवला, लोंब्यांवर आला. मला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"म्याडम, तुमी उद्या जाऊन राहिल्या ना?"

"हो. का गं?"

"मंग मी बी माहेरी जातो. वरचे म्हणून राहिले, म्याडमले जाऊ दे, मंग पाहतो तुले."

"अगं, चिठ्ठ्या तर सगळ्यांना मान्य होत्या!"

"तुमच्यासमोर." जाता जाता म्हणाली, "खुर्ची तेवढी राहू द्या."

हो म्हणाले. हसलेसुद्धा. का हसले मी?

आत्ता खिडकीतून पाहिलं. पाळीवर खुर्ची नाही. तलावात काहीतरी लाल, चारही पाय वर करून तरंगतंय.

आणि मी अजून गावातच आहे.