सातव्या प्रकरणातलं दीड पान

२ मार्च, रवि.
शुभांगीकडे वाचनगट. चौघंच. ती, देशमुख काका, रत्ना, मी. चैत्र संपेपर्यंत दोन कादंबऱ्या वाचायच्या, एक नवी, एक जुनी. नवी पाच मिनिटांत ठरली: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलीची, शुभांगी शिकवते त्या शाळेच्या लायब्ररीत आलीय. जुनी मी सुचवली. नदीकाठच्या गावाची, शाळेत असताना वाचलेली. (पुढं नुसतं ‘नदी’ लिहीन.) काका खूश. रत्ना म्हणाली, “मले नाई वाचायची ते.” काहून विचारलं तर, “तुमी वाचा न.” बाकी काही नाही. तीन विरुद्ध एक. वहीत ‘नदी’ लिहून टाकलं. रत्ना (मानोऱ्याला नर्स) तिकडची बस गाठायची म्हणून लवकर उठली. चहा अर्धा.

५ मार्च
लायब्ररीतून ‘नदी’ आणली. शिवण उसवलेली. कोर्टात दुपारच्या सुट्टीत चाळीस पानं. होडीचं वर्णन अजून तसंच आवडतं. एक डिक्टेशन चुकलं, साहेबांनी दोनदा हाक मारली म्हणे.

९ मार्च
रत्नाला फोन. “नाराज हायस का?”
“मंदा, तुले खरंच आठवत नाई?”
“काय?”
“राहू दे. गॅसवर भाजी हाय माही.”
ठेवला.

११ मार्च
सातवं प्रकरण. गावाबाहेरच्या वस्तीतली एक बाई विहिरीवर पाणी मागायला येते. लेखक तिच्या बोलण्याची, लुगड्याची टर उडवतो. दीड पान. पुढं पुन्हा होडी, नदी.
हे पान मी विसरलेच होते. विसरले म्हणजे, खुपलंच नव्हतं.
आणि मग आठवलं. मानोरा, नववी. मराठीच्या तासाला सरांनी हेच वाचून दाखवलं होतं. आवाज फार छान काढायचे. बाईचाही काढला. वर्ग हसला आणि सगळे वळून रत्नाकडं बघायला लागले. वर्गात वस्तीतली ती एकटीच.
मी वळले का? पहिल्या बाकावर बसायचे. रत्ना मागं, खिडकीपाशी. पण तिचा चेहरा मला दिसतोय, खिडकीबाहेर बघणारा. म्हणजे

१२ मार्च
म्हणजे वळलेच होते.

१६ मार्च, रवि.
काकांकडे. जुनी कादंबरी बदलू म्हटलं. काका तापले. “दीड पानासाठी आख्खं पुस्तक टाकता? जुनं पुस्तक त्या काळात बसून वाचावं.” शुभांगी म्हणाली, उलट वाचू आणि त्यावरच चर्चा करू.
रत्ना: “चर्चा तुमी करसान. मले तिथं बसून ऐका लागते.”
काका: “सिस्टर, तुमच्याबद्दल थोडंच लिहिलंय ते?”
“तिले नाव बी देल्लं नाई न, काका. मंग कोनाबद्दल हाय?”
वर्गाचं मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पोहे छान झालेत म्हणाले. लाज वाटते लिहितानाही. निर्णय पुढच्या वेळी.

२३ मार्च
सकाळच्या बसनं मानोरा. रस्त्यानं पळस जवळजवळ गळालेला. रत्ना गच्चीवर कुरड्या घालत होती. सोऱ्या फिरवायला बसले. अर्धं पातेलं झाल्यावर म्हटलं, “रत्ना, मी वळली होती तवा.”
“मालूम हाय. समद्यायनंच पाह्यलं.” थोड्या वेळानं, “तू हसली बी होती.”
हे आठवत नव्हतं. आताही आठवत नाही. पण ती खोटं कायले बोलेल.
“चुकलं माहं. पंधरा वर्षाची होती मी.”
“मी बी पंधराचीच होती.”
सोऱ्या माझ्या हातातून घेतला, पीठ भरलं, परत दिला. जेवून जा म्हणाली. जेवले.
निघताना एक पुस्तक दिलं. जुनी कादंबरी, कव्हर गेलेलं. नर्सिंगला असताना घेतलेली. तीन वर्षं गटात आहे, आजवर तिनं एकही पुस्तक सुचवलं नव्हतं. आम्ही कधी विचारलं होतं का?

६ एप्रिल, रवि.
रामनवमी. सगळ्या गाड्या पोहरादेवीच्या यात्रेला. रत्नाला बस नाही, बैठक पुढच्या रविवारी. तिचं पुस्तक घेऊन बसले. खरं लिहायचं तर पहिली साठ पानं कंटाळवाणी. आता हे तिला कसं सांगू? छान म्हटलं तर ओळखेल.

१० एप्रिल
सांगितलं. फोनवर हसली. “मले बी तसंच वाटते. थांबू नको, पुढं वाच.”
पुढं वाचलं. दवाखान्यातलं प्रकरण. भाजी करपली.

१३ एप्रिल, रवि.
आमच्याकडे. ऊन फार, कूलर लावला. सगळ्यांसमोर वर्गाचं सांगितलं. वळणाऱ्यांत मी होते, हसले पण. रत्ना मान खाली घालून ऐकत होती. मी बोलणार आहे हे तिला सांगितलं नव्हतं. विचारायला हवं होतं का? काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. शुभांगी म्हणाली, सिस्टरचं पुस्तक घेऊ. मी हो म्हटलं. काका: “मी ‘नदी’च वाचणार. सोबत हेही वाचीन. मग बोलू.” भांडले नाहीत, हेच पुष्कळ.
निघताना रत्नानं टेबलावरची ‘नदी’ उचलली. मधलं कुठलंसं पान बघितलं, उभ्यानंच. नववीत, त्या तासानंतर, तिनं अर्ध्यावर सोडली होती.
“शेवट काय होते याचा?”
सांगायला लागले तर हात वर केला. “नको सांगू.”
पुस्तक पिशवीत टाकलं. पुस्तक लायब्ररीचं, माझ्या नावावरचं. वाचायला नेलं की आम्ही वाचू नये म्हणून, विचारलं नाही.