सातव्या व्हिडिओतले हात

प्रिय वेदिका,

तू दिलेले मार्क पोचले. सातव्या व्हिडिओला तू सपशेल नापास केलंस, म्हणून हे पत्र. हे हात ऑपरेशन करायला लायक आहेत का, एवढाच प्रश्न होता आणि तू आडपडदा न ठेवता ‘नाहीत’ म्हणालीस. फोनवर मला हे बोलणं जमलं नसतं.

तू नाशिकला माझ्याकडे सर्जरी शिकायला आलीस, तेव्हा तुझे वडील पिंपळगावहून द्राक्षांची पेटी घेऊन आले होते. त्यांना वाटलं, मॅडम खातील. मी तुला त्याच द्राक्षांची साल कापून पुन्हा शिवायला बसवलं. रस गळला की नापास. आणि नापास झालेली द्राक्षं मी तुझ्यासमोर बसून खायचे. काय चिडायचीस गं! पण हात असा बसला, की पुढे तुझ्या टाक्यांकडे मी निर्धास्त पाठ फिरवायचे.

परीक्षा अजून तीच आहे. फक्त आता मयूर, माझा असिस्टंट, नुसत्या हातमोज्यांचं शूटिंग करतो आणि नावं झाकून ते व्हिडिओ तुझ्याकडे धुळ्याला तपासायला पाठवतो. ओळखीपाळखीचे मार्क नकोत, ही माझीच खोड. यंदा शिकणारी मुलं मात्र सहाच आहेत. सातवे हात माझे.

दिवाळीपासून मला शंका येत होती. इथे कुणालाही विचारलं की एकच उत्तर, मॅडम, तुमच्या हाताला तोड नाही. माझ्या तोंडावर खरं कोण बोलणार? म्हणून मयूरला दटावून मीही एक द्राक्ष शिवलं. तू लिहिलंस, ‘टाका सुरेख, पण सुई टोचताना हात थरथरतो. यांना पेशंटपाशी जाऊ देऊ नका. कुणीतरी मेहनती आहे, प्रेमाने सांगा.’ वाचून मी रडले. मग हायसं वाटलं. कुणाला इजा व्हायच्या आत तू मला थांबवलंस, बाळा. हे उपकार फिटायचे नाहीत.

मंगळवारी सिन्नरच्या नवसाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. ‘आमाला तुमचाच हात पायजे’ म्हणून अडून बसल्या होत्या. त्यांना सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं, माझ्या हाताखाली तयार झालेला हात आणते. तेव्हा कुठे तयार झाल्या. येशील ना? पिंपळगाव वाटेतच आहे, वडिलांना भेटून ये, पेटीही आण. मी शेजारी उभी राहीन, कशाला हात लावणार नाही. या वेळी पाठही फिरवणार नाही, डोळे भरून बघणार आहे.

तुझीच,
मीनामॅडम