पाचबारी, घराची राखण आणि आरोहीचं लग्न

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. एकनाथदादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे विनयचा, नमस्कार. (साष्टांग समजावा. प्रत्यक्ष घातलाही असता, पण डावा गुडघा एकदा खाली गेला की वर यायला माणूस लागतो.) तुमची शुगर, वहिनींची कंबर आणि अंगणातला तो कायम मरायला टेकलेला चाफा, सगळे ठीक असतील अशी आशा आहे. इकडे मी आणि सुनेत्रा मजेत. मजेत म्हणजे बोलतो एकमेकांशी. हे पत्र मुद्दाम कागदावर लिहून, पुण्याला निघालेल्या आमच्या विवेक दीक्षितच्या हाती पाठवतो आहे. व्हॉट्सॲपवरही लिहिता आलं असतं. पण काही गोष्टी व्हॉट्सॲपवर शोभत नाहीत, असं मानणाऱ्या जुन्या माणसांपैकी मी आहे.

तुमच्या नातीचं, आरोहीचं लग्न डिसेंबरात ठरल्याचं आम्हाला कळलं. 'सांगली परिवार' या ग्रुपवर कळलं. गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात आणि सांधेदुखीवर मेथीदाणे यांच्या मधोमध पत्रिका होती आणि खाली लिहिलं होतं, की हेच आग्रहाचं आमंत्रण समजावं. मी समजलो. लगेच अंगठाही दाखवला. रागावणं माझ्या स्वभावात नाही. (त्या रात्री मी जेवलो नाही असं सुनेत्रा सगळ्यांना सांगत असते, ते ॲसिडिटीमुळे.) सत्तरी उलटलेला जावई रुसत नसतो, आणि रुसला तरी त्याला विचारतो कोण? प्रश्न एवढाच आला, की आम्ही दोघंही महिनाभर सांगलीला आलो तर इकडचं घर कोण राखणार. तेव्हा सुनेत्रानं लग्नाला यावं आणि मी घर राखावं, असं मी ठरवलं. ती 'बरं' म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती इतक्या चटकन 'बरं' कधीच म्हणाली नव्हती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

घराला धोका आहे हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या वस्तीचं एक ॲप आहे. त्यावर शेजारीपाजारी आपापल्या दारावरच्या कॅमेऱ्यातले फोटो टाकतात आणि एकमेकांना घाबरवतात. दारात ठेवलेली पार्सलं पळवली जातात. (आमचंही गेलं, त्यात माझ्या गुडघ्याचा पट्टा होता. चोराचा गुडघा तरी बरा होवो.) आणि गणपती उठल्यापासून त्यावर एक इसम दिसू लागला आहे. रोज उजाडताना आमच्याच गल्लीतून जातो. अंगावर काहीतरी गुंडाळलेलं, कानटोपी नाकापर्यंत ओढलेली, हातात काठी. प्रत्येक घरापुढे थांबतो आणि टेहळणी करतो. एका फोटोत तर तो कुणाच्या तरी कुंपणातून हात आत घालताना स्पष्ट दिसतो. पूजेची फुलं आणायला मीही रोज त्याच वेळी बाहेर पडतो, पण तो माझ्यासमोर एकदाही आलेला नाही, यावरून तो किती बिलंदर असेल ते ओळखा. या माणसाचा बंदोबस्त झालाच पाहिजे, असं मी त्या फोटोखाली लिहिलं. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी दुजोरा दिला.

तेव्हा रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलं. आमच्या वेदनं (मुलगा, तुम्ही पाहिलात तेव्हा तो टोपडं घालत असे) फोनवर 'बाबा, जस्ट गेट अ डॉग' एवढं सांगून विषय संपवला. पण कुत्र्याला फिरवावं लागतं. तुम्ही वनखात्यात उभा जन्म काढलात, तुमच्या घरात बंदूक छत्रीशेजारी उभी असे, म्हणून तुमचा सल्ला घ्यायला हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

दुकान हायवेवर आहे. मालक क्लाइड नावाचे गृहस्थ, अंगानं दरवाजाएवढे, बोलायला मऊ. आम्ही आत पाऊल टाकताच त्यांनी तोंडभरून स्वागत केलं. (सहज सांगितलं.) मग सुनेत्रानं प्रेशर कुकर घेताना जे जे करते ते सगळं केलं. काचेखालचा एकही नग आत राहू दिला नाही, प्रत्येक हातात तोलून पाहिला, आणि सगळे मांडून झाल्यावर भिंतीवरचा तो मागचा दाखवा म्हणाली. खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर बहुतेक पाचबारी, म्हणजे पाच गोळ्यांचं असतं. सहावी कुठे गेली, असं तिनं विचारलं. सहावी घालायची तर मधलं चक्र जाड होतं आणि मग खिसा फुगतो, असं क्लाइडनी समजावलं. तिला ते पटलं नाही. डझन म्हणून अकरा केळी दिल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

निवड दिसते तितकी सोपी नाही, दादा. हलकं घ्यावं तर उडवताना मनगटाला हिसका बसतो. पोलादी घ्यावं तर हिसका कमी, पण वजनानं पँट खाली येते, आणि माझ्या वयाच्या माणसानं चोरापुढे कोणत्या अवस्थेत उभं राहावं याला काही मर्यादा आहेत. मागचा घोडा उघडा असेल तर तो खिशाच्या अस्तरात अडकतो. घोडा आत दडलेला असेल तर चाप घट्ट, इतका घट्ट की माझ्या संधिवाताच्या बोटानं तो हलेना. मी दोन बोटं घालून पाहिली. दोन मावत नाहीत. सुनेत्रानं तेच रिकामं रिव्हॉल्व्हर, सांगितलं तसं भिंतीकडे धरून, लागोपाठ खटाखट ओढलं, आणि ते करता करताच बाथरूम कुठे आहे असं क्लाइडना विचारलं. शेवटी मी मुद्द्यावर आलो, की नाही पटलं तर किती दिवसांत परत घेता. या देशात मी बूट परत केले आहेत, गादी परत केली आहे, एकदा सुकलेलं गुलाबाचं रोपही परत केलं आहे. क्लाइड म्हणाले, हे परत घेत नाही. आता, परत न करता येणारी गोष्ट मी आयुष्यात एकदाच घरी आणली, आणि ती तुमच्याच घरातून. म्हणून मी विचाराला मुदत मागितली. तोवर सवय व्हावी म्हणून त्यांनी त्याच आकाराचं, निळ्या प्लॅस्टिकचं खोटं रिव्हॉल्व्हर दिलं आणि आधी आठवडाभर हे बाळगून बघा म्हणाले.

इथे हत्यार बाळगायचं ते लपवून, असा परवाना असतो. लपवणं हाच त्यातला मुख्य भाग. म्हणून मी ही गोष्ट फक्त विवेकला, त्याच्या गॅरेजचं दार लावून, शपथ घालून सांगितली. संध्याकाळी त्याच्या बायकोचा, पद्मजाचा फोन आला, की कोणत्या रंगात घेतलंत. दुसऱ्या दिवसापासून इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं नवं घर बघायला यावीत तशी येऊ लागली. एक जोडपं तर पेढे घेऊन आलं. दसऱ्याला विवेककडे शस्त्रपूजा असते. दरवर्षी पाटावर विळी, दोन लॅपटॉप आणि कुणाची तरी गाडीची किल्ली मांडतात, यंदा प्रथमच खरं शस्त्र मिळालं म्हणून सगळ्यांना कोण आनंद. ते प्लॅस्टिकचं आहे असं मी सांगत होतो, पण आरतीत कुणाला ऐकू जातं? आणि ते पाटावर पोचलं तेही माझ्या हातानं नाही. कमरेला अडकवायचं तर पट्टा लागतो, आणि झब्ब्याखाली माझा लेंगा, त्याला नाडी. टाळ्या वाजवता वाजवता ते लेंग्यातून घसरत घोट्याशी येऊन बाहेर पडलं. (काही लोक घोट्यापाशीच बाळगतात असं क्लाइड म्हणाले होते. तो प्रकार माझ्याकडून आपोआप झाला.) पद्मजानं ते उचललं, पाटाच्या मध्यभागी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची माळ घातली. फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला आणि तिथून 'सांगली परिवार'वर. तुम्ही त्याला अंगठा दाखवलात. फक्त अंगठा. मी पाहिला.

परवान्यासाठी एक दिवसाचा वर्ग असतो. तोही क्लाइडच घेतात, आणि सुनेत्रा गंमत बघायला म्हणून आली आणि तिनंही नाव घातलं. नेमबाजीत तिच्या सगळ्या गोळ्या कागदी माणसाच्या छातीत लागल्या. माझ्याही लागल्या, पण शेजारच्याच्या कागदावर. त्याआधी तोंडी परीक्षा. क्लाइड बाहेर जाऊन दार ढकलून आत येणार, ते चोर, आणि आपण घरात एकटे. बाकीचे टेबलामागे दडून, पोलिसांना फोन केलाय असं ओरडले. बरोबर उत्तर तेच होतं. माझी पाळी आली. दार उघडलं, तो डोंगराएवढा माणूस उंबऱ्यात उभा राहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, "या, या, बसा." मी खुर्ची पुढे केली. पाणी विचारलं. क्लाइड बसले. वर्ग हसत होता, पण ते हसले नाहीत, त्यांनी याचा अर्थ विचारला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की आमच्याकडे दारात आलेल्याला स्वतःच्या तोंडानं 'या' म्हणायची रीत आहे. मग तो चोर असो की मेहुणा. आणि ज्याला कुणी तसं म्हटलं नाही, तो उंबऱ्याबाहेरच थांबतो, त्याला आत यावंसं कितीही वाटत असलं तरी. बोलता बोलता माझा आवाज जरा बसला. (एसीमुळे.) क्लाइडनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कुत्र्याचा विचार करून बघा म्हणाले.

तरी हलकं घ्यावं की पोलादी, एवढं कळवावं. दोन्ही नग त्यांनी दिवाळीपर्यंत बाजूला ठेवले आहेत. वहिनींना नमस्कार. आरोहीला अनेक आशीर्वाद. ते डोक्यावर हात ठेवून द्यायचे असतात, पण घराचं असं झालेलं.

तुमचा,
विनय

ता. क. : पत्र पाकिटात घालणार तोच वेद जेवायला आला. त्याला मी त्या इसमाचा फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "बाबा, दॅट्स यू. दॅट्स आईज शॉल." कुंपणातून आत गेलेल्या हातात आपली फुलांची परडी आहे. बंदोबस्ताची मागणी अजून तिथेच आहे, माझ्या नावानिशी. सुनेत्रानं आपली शाल पहिल्याच दिवशी ओळखली होती. गप्प का राहिलीस विचारलं, तर म्हणाली, "अहो, तुम्हाला काहीतरी उद्योग लागला होता." सारांश, या गल्लीला धोका माझाच आहे, आणि मी डिसेंबरात इथे नसलो तर उलट सगळे निर्धास्त झोपतील. यावरून मी लग्नाला यायला मोकळा आहे असा अर्थ मात्र काढू नये. केवळ माहितीसाठी.

ता. ता. क. : तुमचे वडील होते तेव्हा मला घ्यायला स्वतः सांगली स्टँडवर येत. मी अमेरिकेतून आलो तरी, आणि नुसता मिरजेहून आलो तरी. 'या विनयराव' म्हणत आणि हातातली बॅग काढून घेत. बस, एवढंच. ते गेल्यावर त्या घरातून मला तसं म्हणणारे तुम्हीच उरलात, दादा. मला मान नको, टॉवेल-टोपी नको. मला यायचं आहे. फोनवर दोन शब्द पुरेत. इथली सकाळ ती तुमची संध्याकाळ. शनिवारी सुनेत्रा योगाला जाते तेव्हा मी फोनपाशीच असतो. (वाट बघत नसतो. चार्जर तिथे आहे.)

दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून खाली चार ओळी लिहिते. क्लाइडना मी दोन्ही नको म्हणून सांगून आले. निळं मात्र त्यांनी परत घेतलं नाही, हळदकुंकू लागलंय म्हणाले, ते आता देवघरात आहे. ग्रुपवर तुझी पत्रिका आली त्याच संध्याकाळी मी दोघांची तिकिटं काढली, त्यांना माहीत नाही. फोन नक्की कर, नुसतं 'या' म्हण, रडतील. पण हे मिळाल्यावर लगेचच्या शनिवारी नको, त्याच्या पुढच्या. रुसले की ते गॅरेज आवरतात, आणि अजून अर्धं बाकी आहे.
सुनेत्रा