उणे एक नंबरचा व्हॉल्व्ह

४ नोव्हेंबर
मळ्यात पाइप फुटला! रविराजभाऊजींचा फोन – "वहिनी, लाइट आली, मोटर चालू झाली, पण एकबी व्हॉल्व्ह उघडला नाय. पाण्यानं सांधाच उडवला. वैष्णवीला दोन दिवस देतो. नाय तर तो डबा काढणार. मी आपला हातानं उघडीन."
हातानं. म्हणजे रात्री, द्राक्षांच्या ओळींतून. हे मागच्या वर्षी तसेच गेले. घोणस चावली. म्हणून तर लेकीनं डबा केला – एकेक व्हॉल्व्ह उघडून पाण्याची पाळी आपोआप बदलणारा.

५ नोव्हेंबर
वैष्णवी जेवली नाही. "लॅपटॉपवर सगळं बरोबर येतंय गं!" मी शेजारी बसून तिचं पुस्तक वाचतेय. व्हॉल्व्ह सात, पण नंबर शून्य ते सहा.
"शून्य नंबर कोणाच्या घरी असतो?"
"कॉम्प्युटरच्या! आई, गप्प बस ना."

६ नोव्हेंबर
शेवटी मीच भाऊजींना फोन लावला. फुटायच्या आधी काय केलंत?
"काय करणार? लाइट जाऊन आली, की एक पाळी मागं घ्यायची. दादाचीच रीत. मागच्या तुकड्याला पुरतं पाणी बसलं का नाय, भरवसा नसतो. मोबाइलवर 'मागे' दाबलं. ह्या खेपेला पहिल्याच व्हॉल्व्हवर लाइट गेली, असं आधी कधी झालंच नव्हतं."
वैष्णवी ताडकन उठली. पहिला व्हॉल्व्ह म्हणजे शून्य नंबर. शून्यातून एक मागे, म्हणजे उणे एक. त्याला सातानं भागून उरेल ती बाकी, तो व्हॉल्व्ह. लॅपटॉपवरची प्रोग्रॅमची भाषा बाकी सहा देते – शेवटचा व्हॉल्व्ह. डब्यातली भाषा देते उणे एक. त्या नंबरचा व्हॉल्व्ह मळ्यात आहेच कुठे? म्हणून सगळे बंद!
एकच गणित, दोन उत्तरं. आणि म्हणे दोन्ही आपापल्या नियमानं बरोबर. मला रागच आला.
वैष्णवी म्हणाली, "बाकीत सात मिळवायचे, मग परत सातानं भागायचं. बास."
एवढंच? एवढ्यासाठी माणूस अंधारात जाणार होता.

७ नोव्हेंबर
इंदिरानगरच्या घरून सकाळीच मळ्यावर निघालो. डबा नीट करून बसवला. भाऊजी म्हणाले, "पहिल्या व्हॉल्व्हवर लाइट जाऊ दे, मग खरं." दाराशी रात्री हातात न्यायची बॅटरी टांगलेली. ओळखली मी. ह्यांचीच.

९ नोव्हेंबर
फोन वाजला की आधी भाऊजींचं नाव दिसतंय का ते बघते.

११ नोव्हेंबर
सकाळी भाऊजींचा फोन. रात्री पहिल्याच व्हॉल्व्हवर लाइट गेली! आल्यावर त्यांनी 'मागे' दाबलं.
"बघायला गेलात?"
"नाय. शेवटचा तुकडा घराला लागूनच. अंथरुणातनंच पाण्याचा आवाज ऐकला." मग म्हणाले – "वहिनी, दादाची बॅटरी आता तुम्ही घेऊन जा."