बाळाला अजून आंघोळ नाही

नंदुरबार, मंगळवार दुपार

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या हेमकांतचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? सारंगखेड्याला नदीवरचा गारठा असेल, सकाळी लवकर उठू नकोस (उठशीलच, मी आपलं लिहायचं म्हणून लिहिलं). काजल सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला, हे काल फोनवर कळवलंच. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. म्हणून हे पत्र लोटनच्या हाती देतोय. दुकानाचा माल घेऊन तो तिकडे येतोच आहे. आधी खाली बस.

आक्का, बाळाला अजून आंघोळ घातलेली नाही. आणि घालायचीही नाही, असं तुझ्या भाचीचं फर्मान आहे. मी कालपासून हादरलेलो आहे. पोर जन्मलं ते अंगभर पांढरा चिकट थर घेऊन, साय फासल्यासारखं. मी म्हटलं, पुसा, धुवा, माणसांत आणा. तर आपली काजल, जिला तू स्वतः जन्मल्या जन्मल्या बेसन लावून रगडली होतीस (आणि तरी ती जगली, एवढंच नाही तर पुण्याला जाऊन संशोधन करते), ती खाटेवरून ओरडली की हात लावू नका! त्या थरात म्हणे पेप्टाइड असतात. म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे. जंतू आला की त्याच्या अंगाला भोकं पाडतात, तो फुटून मरतो. शिवाय कमी पडलं तर अंगातल्या बाकीच्या राखणदारांना हाका मारून बोलावतात. जंतूची आधी ओळख असावी लागत नाही, पोर उपजतच हा बंदोबस्त घेऊन येतं. आपल्या कातडीत, घामात, थुंकीतसुद्धा तो असतो. आक्का, माझ्या थुंकीत! मी घाबरून तंबाखू थुंकायला गेलो आणि तसाच परत आलो.

तुला माहीत आहे, माझा जन्म फवारणीची औषधं विकण्यात गेला. मी सरळ विचारलं, किती दिवसांनी मारायचं, पाण्यात किती घालायचं? ती म्हणाली, “बाबा, हाई फवारानं नही ऱ्हास. आंगच तयार करस.” फवारणी नाही, कंपनी नाही, डीलर नाही, पक्कं बिल नाही, आणि माल घरच्या घरी! बरं, मी विकलेलं एकेक औषध कापसावरची बोंडअळी पचवून बसली, मग जंतू हे का पचवत नाहीत? तर म्हणे, हे जंतूच्या भिंतीलाच भिडतं, आणि भिंत बदलणं त्याला सोपं जात नाही. मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो.

हसू नकोस. बाळ वजनाला कमी भरलंय. डॉक्टरही म्हणतात, ऊब राखा, पाण्याची घाई नको. त्याची मूठ माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी दिसते. मला फार भीती वाटते, आक्का. माझी मुलगी खरं बोलतेय की आपल्या घराची रीत खरी, हे मला कळत नाही. चुकलं तर त्या एवढ्याशा जिवाचं चुकेल.

त्यात आज सकाळी विहीणबाई, शीलाबाई, शहाद्याहून थेट वॉर्डात. एका हातात बेसनाचा डबा, दुसऱ्या हातात कढत पाण्याची बादली (ती त्यांनी कुठून मिळवली, देव जाणे). बाळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “पोऱ्याले आंघोय नही? कोनी सांगं?” काजल पेप्टाइड म्हणाली. त्यांनी बाही वर सारली. काजलने बाळ छातीशी घट्ट धरलं आणि ती रडायला लागली. मी मध्ये पडलो, दोन शब्द बोललो, बादली खाली ठेवली गेली. बाकी सर्व ठीक. सर्वांना यथायोग्य नमस्कार.

तुझा आज्ञाधारक,
हेमकांत

ता. क. ते दोन शब्द म्हणजे, “आक्कानी सांगं.” माझ्या तोंडून निघून गेले. शीलाबाई बाही खाली ओढत म्हणाल्या, “सुंदरबाई काही उगाच सांगत नही.” आता त्यांनी शहाद्याला फोन लावून सांगायला सुरुवात केली आहे की सारंगखेड्याच्या सुंदरबाईंच्या मते नवजात पोराला लगेच पाणी लावू नये. तरी उद्या बाळ बघायला आलीस की दारातूनच, नेहमीच्या आवाजात, “धुतलं तर नाही ना कुणी?” असं खडसाव. माझी लाज राख. नंतर मला काय बोलायचं ते बोल.

ता. क. दुसरा. काजलने पत्र वाचलं. खोटं बोललो म्हणून रागावेल वाटलं होतं. तिने एवढंच लिहायला सांगितलं: “पहिली आंघोय आत्यानाच हातनी व्हई. तोपावत कोनी पानी लावानं नही.” मी बाहेर येऊन रडून घेतलं. तूही दाराबाहेरच रडून घे, बाळावर पाणी पडायला बंदी आहे.